बाळंतिणीचे ताट आणि अहिंसेचा प्रश्न

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईच्या घाटांना स्पर्श करून, माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटात घेऊन औदुंबरावरून सांगलीस येते आणि हरिपुरास वारणेला भेटून पुढे नरसोबाच्या वाडीकडे वळते. या साऱ्या प्रवासात तिच्या दोन्ही तीरांवर जी गावे वसली आहेत, त्यांत अहिंसेचा प्रश्न धर्मग्रंथाच्या पानापेक्षाही अधिक निकडीने जर कोठे उभा राहत असेल, तर तो बाळंतिणीच्या खोलीत. एका आळीत तुळशीची माळ घातलेले वारकऱ्याचे घर असते, दोन वाडे पलीकडे बस्तीत दर्शनाला जाणारे दिगंबर जैनांचे घर असते आणि नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर भोयांची आणि मांस खाणाऱ्या मराठ्यांची घरे असतात. प्रत्येक घरात बाळंतिणीच्या पथ्याची वहिवाट ठरलेली आहे; आणि ती वहिवाट म्हणजेच धर्माचा फैसला असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटत असल्यामुळे तिच्यामागचा प्रश्न कोणी दप्तरातून बाहेर काढीत नाही. तो प्रश्न असा: नुकत्याच जन्मलेल्या जिवाला दूध मिळावे म्हणून दुसऱ्या जिवाचा प्राण घेणे धर्म्य आहे काय?

देशावर बाळंतिणीचे खाणे म्हटले की अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, खारीक, खसखस, बाळंतशेपा, शेपूची भाजी आणि तूप घातलेली बाजरीची भाकरी हे सारे आठवते. मांसाहारी घरांत त्याला आळण्याची जोड असते, म्हणजे तिखटाशिवाय शिजवलेल्या मटणाचे किंवा गावरान कोंबडीचे पाणी. नदीकाठी, जेथे रोकड दुर्मिळ आणि डोह जवळ, तेथे हे आळणी माशाचेही होते. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला एका घरी मी ते होताना पाहिले आहे. मरळ हा मासा पाण्याबाहेरची हवाही श्वासात घेऊ शकतो, म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळला तरी तो बराच वेळ जिवंत राहतो, आणि विकायलाही तो पुष्कळदा जिवंतच येतो. अंगावरच्या बुळबुळीमुळे तो हाती ठरत नाही. त्या घरच्या आजीने चुलीतली मूठभर राख त्याच्या अंगाला चोळली, तेव्हा कोठे तो तिच्या पकडीत आला. मग तिने सुनेला खुणावले, सुनेने बाळंतिणीच्या खोलीचे दार लोटून घेतले, आणि नंतरच आजीने पाट्यावर वरवंट्याचा घाव घातला. खवले निघाले, तुकडे झाले. हळद, ठेचलेला लसूण, ओवा, चार मिरी आणि जरासे मीठ इतक्यावर ते मंद आचेवर शिजत राहिले. रस फडक्यातून गाळून घेतला, कारण एखादा बारीक काटा बाळंतिणीच्या घशात जाऊ नये. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून वाडगे आत गेले, तेव्हा ते दार पुन्हा उघडले गेले.

हेच काम अगदी याच हेतूने चिनी घरांत शतकानुशतके चालत आले आहे. तेथे प्रसूतीनंतरचा एक महिना स्त्रीने घराबाहेर पडू नये, गार वारा व गार पाणी टाळावे, उष्ण आणि पातळ अन्न घ्यावे, असा दंडक आहे. आपल्या सव्वा महिन्याशी त्याचे साम्य इतके आहे की वाईच्या आजीला चिनी आजीचे घर परके वाटू नये. त्या महिन्यात बाळंतिणीला कार्प जातीच्या एका लहान माशाचे सूप देतात. मासा आले घालून आधी थोड्या चरबीत परततात, त्यावर कढत पाणी ओततात आणि खळखळून उकळतात. त्या उकळीने चरबीचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळून रस दुधासारखा पांढरा होतो. त्यात सोयाबीनच्या दुधाच्या वड्या पडतात, आणि क्वांगतुंग प्रांतात हिरवी पपईसुद्धा पडते. रसाचा पांढरा रंग पाहून तो दूध वाढवील असा लोकांचा विश्वास बसला असेल, तर त्यात नवल नाही.

परंतु याच चीनमध्ये, हांगचौ नगरीजवळच्या युनछी विहारात, झूहोंग नावाचा एक भिक्षू (१५३५-१६१५) होऊन गेला. त्याने प्राणिवधाच्या निषेधार्थ एक छोटा निबंध लिहिला आणि जे सात प्रसंग लोक प्राणी मारून साजरे करतात किंवा निभावतात ते एकेक घेऊन तपासले. त्यांतला एक प्रसंग अपत्यजन्माचा आहे. त्याच्या युक्तिवादाचा आशय असा, की अपत्य नसले तर मनुष्य शोक करतो आणि झाले तर हर्ष करतो, पण पशुपक्ष्यांनाही आपापली पिल्ले प्रिय असतात याचा विचार तो करीत नाही. आपले मूल जन्मले म्हणून दुसऱ्याचे मूल मारावे, यात मनाला स्वस्थता कशी लाभते? विकत घेतलेले मासे सोडून देण्यासाठी त्याने तळीही राखली. चिनी सूप आणि चिनी भिक्षू हे दोघे एकाच मातीतले आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण मासा खाणे ही एका संस्कृतीची रीत आणि न खाणे ही दुसरीची, असे म्हणून हा कज्जा निकालात काढता येत नाही.

आता आपल्या वैद्यकाची साक्ष घेऊ. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, मातेचे दूध कशाने आटते आणि कशाने येते याचा विचार आहे. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव ही दूध आटण्याची कारणे तेथे सांगितली आहेत. आणि दूध यावे म्हणून जे पदार्थ सांगितले आहेत त्यांत जव, गहू, साठीचे तांदूळ, मांसरस, लसूण, शिंगाडा, कमळाचे देठ, विदारीकंद, ज्येष्ठमध, शतावरी, दुधी यांच्या पंक्तीत मासा स्पष्टपणे आला आहे. म्हणजे नदीकाठच्या आजीच्या हातच्या आळण्याला शास्त्राचा दाखला आहे. चरकाने तर रोहित मत्स्याची विशेष शिफारस केली आहे. तो शेवाळ खातो आणि झोपत नाही म्हणून पचायला हलका व बलवर्धक, असे त्याचे म्हणणे. (हा रोहू मूळचा उत्तरेकडच्या नद्यांचा, आपल्याकडे तो बीज सोडून आणलेला पाहुणा आहे. मरळ मात्र येथलाच.) त्याच चरकाने मासा आणि दूध एकत्र घेण्याची सक्त मनाई केली आहे, आणि ज्या घरांत मासा चालतो त्या घरांतही खिरीच्या जेवणात मासा येत नाही, इतकी ती मनाई रुजली आहे. पण सुश्रुताच्या त्या यादीपेक्षा यादीच्या आधीचा शब्द मला अधिक मोलाचा वाटतो. हे पदार्थ द्यावेत, पण कसे? आधी त्या स्त्रीच्या ठायी सौमनस्य उत्पन्न करून. मनाची प्रसन्नता पहिली, आहार नंतर. आजचे शरीरशास्त्रही सांगते, की दुधाचे प्रमाण मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढते यावर ठरते आणि मातेच्या मनावरचा ताण दुधाच्या उतरण्यात अडथळा आणतो. माशाने दुधाचा ओघ वाढतो असे नव्हे, तर त्यातल्या स्निग्धांशाचा काही उपयुक्त भाग दुधात उतरतो, आणि रसाने मातेला प्रथिने व द्रव मिळतात.

या विषयाकडे पाहताना एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. जगातले बहुतेक अन्न कोणाचा तरी जीव किंवा कोणाचा तरी वाटा घेऊन मिळते. आईचे दूध तेवढे असे अन्न आहे, की जे देणाऱ्याने आपण होऊन दिलेले असते आणि घेणाऱ्याने कोणालाही न दुखवता घेतलेले असते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयी जे चिंतन आहे, त्यात खाणारा आणि खाल्ले जाणारे यांचे अद्वैत गायिले आहे. बाळंतिणीच्या शरीरात ते अद्वैत प्रत्यक्ष नांदत असते. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि तिच्या अस्थींतला काही चुनादेखील दुधात उतरतो. दूध तुटल्यावर ती झीज बहुतांशी भरून निघते. म्हणजे बाळाचे अन्न अहिंसक असले तरी त्याचा तगादा कोणावर तरी पडतोच. तो मातेच्या शरीरावर पडू द्यायचा, की तिच्यामार्फत ज्वारीवर, म्हशीवर किंवा मरळीवर पडू द्यायचा, एवढीच निवड आपल्या हाती असते.

येथे महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध आठवतो. मिथिलेचा हा खाटीक कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म सांगतो, आणि सांगताना म्हणतो की आपण स्वतः प्राणी मारीत नाही, इतरांनी मारलेल्याचे मांस विकतो; पण शेतकऱ्याच्या नांगराखाली असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यांतही जीव आहे, आणि हिंसेपासून सर्वस्वी मुक्त असा या जगात कोणीच नाही. त्याच्या मुखातून हे ऐकताना पुष्कळांना हायसे वाटते. सांगली भागातले जैन बहुसंख्येने शेतकरीच आहेत, ऊस आणि हळद पिकवणारे आहेत. तेव्हा नांगर चालवणाऱ्याने मासा धरणाऱ्याला काय शिकवावे, असा प्रतिवाद या आधारावर सहज उभा करता येतो.

परंतु जैन आचार्यांनी हा प्रतिवाद आधीच हेरून ठेवला होता. दहाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात, पुष्कळ लहान जिवांच्या घाताने मिळणाऱ्या अन्नापेक्षा एका मोठ्या जिवाच्या घाताचे अन्न बरे, हे मत स्वतःच मांडून खोडून काढले आहे. शेतीत होणारी हिंसा आणि समजून उमजून, संकल्प करून केलेली हिंसा यांत जैन परंपरा भेद करते, आणि गृहस्थाला पहिली टाळता येत नसली तरी दुसरी टाळण्याची आज्ञा देते. मासा तर पंचेंद्रिय जीव. वरवंटा उचलणारा हात नेमका कशासाठी उचलला आहे हे त्या हाताला ठाऊक असते. म्हणून १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन करणाऱ्या या समाजाने शिक्षणाच्या आणि समाजसुधारणेच्या बाबतीत नवे पुष्कळ स्वीकारले, पण बाळंतिणीच्या पथ्यात मासा कधी येऊ दिला नाही. त्यांच्या त्या निश्चयात मला केवळ सोवळेपणा दिसत नाही. धर्मव्याधाचे म्हणणे खरे आहे. पण हिंसा सर्वत्र आहे एवढ्यावरून कोणतीही हिंसा चालेल, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. धर्मव्याधानेही तो काढलेला नाही. तो आपल्या वृत्तीबद्दल अभिमान बाळगत नाही.

बुद्धाने भिक्षूंना घालून दिलेली कसोटी निराळी होती. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंकाही नाही, असे मांस भिक्षेत पडले तर ते स्वीकारण्यास त्याने मुभा दिली. बाळंतिणीचे आळणी या कसोटीवर पूर्णपणे उणे ठरते, कारण तो मासा नेमका तिच्याचसाठी मारलेला असतो. त्या घरी लोटून घेतलेले दार तिच्या डोळ्यांपुरतेच होते. पाट्यावरचा आवाज तिने ऐकला असणार, आणि वाडग्यात काय आहे हे तर तिला ठाऊकच होते. तरीही त्या दारामागची आजीची भावना मला खोटी वाटत नाही. वध करणाऱ्यालाच जेव्हा तो झाकावासा वाटतो, तेव्हा त्याच्या अंतःकरणाने आपली कैफियत अगोदरच दाखल केलेली असते.

ज्यांचे काही शालेय शिक्षण साताऱ्यात झाले आणि ज्यांच्या मातोश्री साताऱ्यातच निवर्तल्या, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात या गुंत्यातून एक वाट काढली आहे. अहिंसा हे त्यांच्या मते तत्त्व आहे, नियम नव्हे. आणि गरजेपोटी मारणे व मारण्याच्या इच्छेने मारणे यांतला भेद बुद्धाला अभिप्रेत होता, असे ते सांगतात. नियम मनुष्याला बांधतो. तत्त्व त्याला विचार करण्यास भाग पाडते. बाळंतिणीच्या ताटाच्या बाबतीत मला ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती गरज नावाच्या साक्षीदाराला समोर उभे करते आणि त्याची उलटतपासणी मागते.

ती उलटतपासणी केली तर उत्तर सर्व घरांना एक येत नाही. ज्या घरात दूध, तूरडाळ, शेंगदाणे, तीळ, अळीव आणि पालेभाजी यांची ददात नाही, तेथे मातेला लागणारे सारे पोषण मासा न मारता भरून निघते. तेथला मासा गरजेचा नव्हे, चवीचा, सवयीचा किंवा मायेचा असतो. माया ही थोर गोष्ट आहे, पण एका जिवाच्या मोबदल्यात तिचे प्रदर्शन करण्याचे कारण नाही. याउलट ज्या भोयाच्या घरात मासा घरच्या जाळ्यातून येतो आणि दूध मात्र पैसे मोजून आणावे लागते, त्या घरच्या बाळंतिणीला अहिंसेच्या नावाने कोरड्या भाकरीवर ठेवणे ही माझ्या मते हिंसाच आहे, आणि ती उपदेश करणाराच्या खाती जमा व्हावी. शिवाय खिरीचे दूध तरी निष्कलंक कोठे आहे? म्हशीच्या सडाखालून ओढून बाजूला बांधलेल्या रेडकाचा वाटा त्यात आहे, आणि नर रेडकाची पुढे काय आबाळ होते हे कोणत्याही गोठ्याच्या मालकाला ठाऊक आहे. एका आईच्या अंगी दूध यावे म्हणून दुसऱ्या आईचे दूध तिच्या लेकरापासून तोडावे लागते, याची जाण शाकाहारी घराने ठेवली, तर त्याच्या व्रताला अधिक खोली येईल, आणि भोयाच्या पाटीकडे पाहणारी त्याची नजरही निवळेल.

राहिला प्रश्न निर्णय कोणाचा, हा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रूढी. आणि माहेर खाणारे, सासर माळकरी अशी जोडी सातारा जिल्ह्यात विरळ नाही. लग्नानंतर मुलीने माळ घातलेली असते किंवा तिला घालायला लावलेली असते. माहेरी आल्यावर आई आळण्याचे वाडगे पुढे करते, सासूबाईंचा फोन येतो, "आमच्या घरच्या लेकराच्या तोंडी ते जाऊ देऊ नका हं", आई म्हणते, "माझ्या लेकीच्या अंगात रक्त नाही, तुमची माळ तेवढी ठेवा बाजूला." दोघींच्या मध्ये जी बसलेली असते तिला कोणी विचारत नाही. तिची माळ जर तिने मनापासून घातली असेल, तर आईच्या मायेनेही ती काढू नये. आणि ती केवळ सासरच्या हुकमाने गळ्यात पडली असेल, तर त्या हुकमाचा अंमल तिच्या भुकेवर चालू नये. व्रत हे ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याच्या पोटावर घेतलेल्या व्रताचे पुण्य कोणत्या खात्यावर चढते, हे मला उमगत नाही. सुश्रुताने सौमनस्याला जे पहिले स्थान दिले त्याचा अर्थ मी असा करतो, की मनात काटा ठेवून प्यालेले मरळीचे आळणी आणि मनात काटा ठेवून खाल्लेली अळिवाची खीर, दोन्ही सारखीच निष्फळ आहेत.

आणखी एका गोष्टीचा विचार या वादात कोणी करीत नाही, तो म्हणजे त्या माशाचा. मरळीची जोडी आपल्या पिलांची राखण करते; पिले थव्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि मोठा मासा त्यांच्याखाली पहारा देत असतो. भोयांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. झूहोंगचा आक्षेप, की आपल्या अपत्यासाठी दुसऱ्याचे अपत्य, येथे अक्षरशः लागू पडतो, किंबहुना उलटूनही लागू पडतो: येथे पोरकी होतात ती माशाची पोरे. ज्या दिवसांत मासा अंडी धरतो आणि पिले सांभाळतो, ते दिवस पावसाळ्याचे. त्याच वेळी नद्या फुगल्या की कित्येक मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत चढतात आणि चढणीचा मासा म्हणून लोक तो हौसेने, टोपल्याच्या टोपल्या धरतात. तेथे कोणाचीही गरज साक्षीला नसते.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावध, बेपर्वा वृत्तीला, मुळाशी ठेवले आहे. त्या व्याख्येने पाहिले म्हणजे अलीकडच्या वर्षांत सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा जो खच तरंगताना लोकांनी पाहिला, त्याचा विचार चुकवता येत नाही. पात्रात घाण पाणी सोडले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा तडफडून वर येतो. त्यांतला एकही कोणा बाळंतिणीच्या पोटात गेला नाही, त्यांच्यासाठी कोणाचे व्रत मोडले नाही आणि कोणत्या घराने प्रायश्चित्तही घेतले नाही. आजीच्या हातून पाट्यावर झालेला तो एक घाव मी निर्दोष म्हणत नाही. पण तिने तो मोजला होता, दार लोटून घेतले होते, काटे वेचले होते. नदीत झालेल्या त्या संहाराची मोजदाद करणाराच कोणी नव्हता.

म्हणून ज्या घरी गरजेपोटी मासा घ्यायचाच आहे, त्या घराने निदान आषाढ-श्रावणात तो नदीतून घेऊ नये, एवढे मागणे मला वाजवी वाटते. त्या महिन्यांत बाळंत झालेल्या बाईसाठी अळीव, डाळ आणि शेंगदाणा आहे. त्यानेही भागत नसेल तर उन्हाळ्यात वाळवलेले आणि कुंभार्ली घाटाने कऱ्हाडच्या बाजारात आलेले कोकणचे बोंबील आहेत, ते भाजून, मीठ धुऊन, लसणीच्या पाण्यात शिजवता येतात. भाद्रपद सरल्यावर, पाणी निवळल्यावर, डोहातली पिले आपापली पोहू लागलेली असतात. मग जाळे टाकणाऱ्याला विचारून, आणि आधी त्या बाळंतिणीला विचारून, मरळ घरी आणावी.